अँटन शिगर

अँटन शिगर हे अमेरिकन लेखक कॉरमॅक मॅकार्थी यांच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००५) या कादंबरीतील काल्पनिक मारेकऱ्याचे पात्र आहे. कोएन बंधूंच्या २००७ सालच्या याच नावाच्या चित्रपटात ही भूमिका हाविएर बार्देम यांनी केली व तिच्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

कथानक १९८० सालच्या पश्चिम टेक्सासमध्ये घडते. अमली पदार्थांच्या फिसकटलेल्या व्यवहारातील रोकड लुएलिन मॉस याच्या हाती लागते. ती परत मिळवण्याचे काम शिगरकडे असते. तथापि त्याला केवळ सुपारी घेणारा म्हणणे अपुरे ठरेल. ज्यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, अशांनाही तो ठार मारतो. चित्रपटात तर सोबत आलेल्या टोळीतल्याच दोघांना. कत्तलखान्यात गुरांवर चालवतात ते हवेच्या दाबाचे यंत्र तो माणसांवर आणि दारांच्या कुलपांवर वापरतो.

काही जणांचे जीवनमरण तो नाणेफेकीवर सोपवतो. मॉसच्या मृत्यूनंतर, केवळ त्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी, तो त्याची पत्नी कार्ला जीनकडे येतो. कादंबरीत ती ‘छापा’ म्हणते, काटा पडतो आणि ती मारली जाते. चित्रपटात ती कौल देण्यासच नकार देते. निर्णय नाण्याचा नसून त्याचाच आहे, असे त्याला सुनावते. शिगरच्या ‘नियती’मागची पळवाट येथे उघडी पडते, आणि या एका प्रसंगात चित्रपट मूळ कादंबरीपेक्षा सरस ठरतो. तिचा मृत्यू पडद्यावर दाखवलेला नाही. शिगर घराबाहेर येतो आणि बुटांचे तळवे तपासतो, एवढेच दिसते.