काँक्रीट पंप : कार्यपद्धती आणि प्रमुख प्रकार

वाराणसीतील काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये उभारले. त्या काळी बांधकामाचे साहित्य माणसांच्या आणि जनावरांच्या बळावरच वाहून नेले जाई. विश्वनाथ धामाचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले, तर शहरातील रोपवेची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजी झाली. वाराणसीतील अनेक गल्ल्या मात्र आजही इतक्या अरुंद आहेत की काँक्रीटचा मिक्सर ट्रक तेथे शिरू शकत नाही. अशा ठिकाणी काँक्रीट पंप उपयुक्त ठरतो.

या यंत्रात काँक्रीट प्रथम हॉपरमध्ये ओतले जाते. हायड्रॉलिक दाबावर चालणाऱ्या दोन सिलिंडरपैकी एक काँक्रीट आत खेचतो, त्याच वेळी दुसरा ते नळीत ढकलतो. दोहोंमधील झडप आळीपाळीने दिशा बदलत असल्याने प्रवाह जवळजवळ अखंड राहतो.

पंपांचे प्रमुख प्रकार तीन आहेत. बूम पंप ट्रकवर बसवलेला असतो आणि त्याची घडीची भुजा काँक्रीट थेट इच्छित जागी पोहोचवते. तिच्यासाठी मोकळी जागा आवश्यक असते. स्थिर अथवा ट्रेलर पंप रस्त्यावर उभा करून तेथून गल्लीत किंवा उंच मजल्यावर नळ्या नेता येतात. दुबईतील बुर्ज खलिफाच्या बांधकामात २००८ मध्ये अशाच पंपाने काँक्रीट ६०० मीटरहून अधिक उंचीवर चढवले. तिसऱ्या प्रकारात रोलर लवचिक नळी दाबत काँक्रीट पुढे सरकवतात. हा पंप कमी दाबाच्या, लहान कामांसाठी वापरला जातो.

खडीचा आकार नळीच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. काम सुरू करण्यापूर्वी नळीतून सिमेंटचे पातळ मिश्रण सोडले जाते. उन्हाळ्यात वाराणसीचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. अशा उष्णतेत काँक्रीट लवकर घट्ट होऊन नळी तुंबण्याचा संभव असतो, म्हणून तिच्यावर ओली गोणपाटे टाकतात.

तुंबलेल्या नळीचा सांधा दाब न उतरवता उघडल्यास आतील काँक्रीट वेगाने उसळून कामगाराच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे पंप आधी उलट फिरवून दाब उतरवणे अनिवार्य आहे. बूम पंपाची भुजा विजेच्या तारांपासून सुरक्षित अंतरावर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.