बारावीच्या केमिस्ट्रीचे तीस मार्क

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तीच चर्चा सुरू होते. मार्क एवढे वाढले कसे? कुणी म्हणतं पेपर सोपे, कुणी म्हणतं कॉप्या. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवली, बाह्य परीक्षक म्हणून आसपासचे तालुकेही फिरलो. माझं मत वेगळं आहे. ७० मार्कांच्या पेपरवर सगळे बोलतात, पण खरी गडबड ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. ती एका दिवसात झालेली नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची मुलं अकरावी-बारावीला आहेत त्यांनी जरूर वाचा.

आपल्या आधीच्या पिढीला 'इंटर सायन्स' हा शब्द माहीत असेल. तेव्हा अकरावीला मॅट्रिक व्हायचं, मग कॉलेज. इंटरची परीक्षा विद्यापीठ घ्यायचं आणि त्या मार्कांवर मेडिकल-इंजिनिअरिंग ठरायचं. कोठारी आयोगाचा अहवाल १९६६ साली आला, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला गेला आणि सत्तरच्या दशकात तो आपल्याकडे लागू झाला. म्हणजे जी केमिस्ट्री कॉलेजात होती, ती 'बारावी' झाली. प्रयोगशाळा बहुतेक ठिकाणी त्याच राहिल्या. तेच ब्युरेट, तेच किपचं उपकरण, तोच हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास. अपेक्षाही कॉलेजच्याच राहिल्या. मार्क देणारा मात्र बदलला. विद्यापीठाच्या जागी बोर्ड आलं.

मग आला 'ग्रुप'चा जमाना. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला, "पीसीएमला किती?" ३०० पैकी दोन मार्क कमी पडले तर सरकारी कॉलेज हुकायचं आणि बापाला जमीन विकायचा विचार करावा लागायचा. केमिस्ट्रीला तेव्हा ४०-४० मार्कांचे दोन पेपर आणि २० मार्कांचं प्रॅक्टिकल असायचं.

तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. वीसातला प्रत्येक मार्क मोलाचा, म्हणूनच परीक्षकावर दबाव यायचा. "सर, आमची पोरं सांभाळून घ्या" हे चहाबरोबरच ऐकू यायचं. पण दबाव असला तरी पोरांना प्रयोग करता यायचा. मार्क कापले जाऊ शकतात ही भीती खरी होती, त्यामुळे वर्षभर सराव व्हायचा.

या सगळ्यावर उपाय म्हणून सीईटी आली. एकच पेपर, सगळ्यांना सारखा, कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही. मागणी रास्त होती. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना तिचा फायदाही झाला. पण सीईटीत ब्युरेट नव्हतं. चार पर्याय होते.

इथून पुढे नियम इतक्या वेळा बदलले की पालकच काय, आम्ही शिक्षकही गोंधळलो. २०१३ च्या परीक्षेपासून बारावीचा पॅटर्न ७०-३० झाला, म्हणजे कागदावर प्रॅक्टिकलचं वजन वाढलं. त्याच वर्षी नीट आली, सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, २०१६ साली ती परत आली. जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या मार्कांना ४० टक्के वजन २०१३ ला मिळालं, २०१७ पासून ते काढून घेतलं. आपल्या राज्यात २०१४ आणि २०१५ साली इंजिनिअरिंगचे प्रवेश निम्मे बारावीवर आणि निम्मे जेईई मेनवर झाले. २०१६ ला पुन्हा आपली सीईटी.

आज काय उरलंय? मोठ्या प्रवेशांसाठी बारावीचे मार्क म्हणजे फक्त उंबरठा. खुल्या वर्गाला नीटसाठी पीसीबीला ५० टक्के, एनआयटी-आयआयटीसाठी बारावीला ७५ टक्के. उंबरठा ओलांडला की पुढे त्या मार्कांना कुणी विचारत नाही. मग प्रॅक्टिकलला कमी मार्क देऊन कुणाचं भलं होणार? मुलाचं नाही, कॉलेजच्या निकालाचं नाही, परीक्षकाचंही नाही. म्हणून सगळ्यांना २८, सगळ्यांना २९. मी स्वतः अशा प्रयोगशाळेत परीक्षा घेतली आहे, जिथे ब्युरेटच्या नळ्यांवर वर्षभराची धूळ होती आणि जर्नल मात्र सगळ्यांची पूर्ण, एकाच हस्ताक्षराच्या वळणाची. मुलं त्या वेळी बाहेरच्या क्लासात, कॉलेजात फक्त नाव. हे 'टाय-अप' मोडायला सरकारनं २०१८ साली विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटवला म्हणून कुणी टायट्रेशन शिकतं का?

याची किंमत कोविडमध्ये कळली. २०२१ ला लेखी परीक्षा झालीच नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीच्या वर्षभराच्या मूल्यमापनाचे ४० टक्के असा निकाल लावला आणि तो ९९.६३ टक्के लागला. आदल्या वर्षी तो ९०.६६ टक्के होता. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कॉलेजनं दिलेल्या मार्कांवर आपला स्वतःचाच विश्वास नव्हता आणि नेमक्या त्याच मार्कांवर निकाल लावायची वेळ आली, एवढंच.

आता कुणी म्हणेल, ब्युरेट नाही धरलं तर बिघडलं कुठे? टायट्रेशनमध्ये पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रीडिंग गेलं. तीन रीडिंग घ्यायची, जुळणारं ते सी.बी.आर. न जुळलेलं रीडिंग तसंच लिहायचं, शेजारच्याचं उतरवायचं नाही. चार पर्यायांच्या प्रश्नात हे तपासताच येत नाही.

आणि याची गरज कुणाला आहे? ज्याला एम्स मिळणार त्याला पुढे शिकवतील. प्रश्न आपल्या तालुक्यातल्या पोरांचा आहे, जी बीएस्सी किंवा फार्मसी करून लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात. तिथलं रोजचं काम हेच आहे. मार्कशीटवर २९ आणि हातात पिपेट घेतलं की थरथर. त्या खोट्या २९ चा फटका त्यांनाच बसतो. चुकलेल्या रीडिंगमुळे बॅच बिघडते, कधी त्याहून वाईट होतं.

पुन्हा ग्रुपचा जमाना आणा, असं माझं म्हणणं नाही. तीनच मागण्या आहेत. एक, बोर्डानं प्रत्येक कॉलेजची प्रॅक्टिकलची सरासरी आणि लेखीची सरासरी शेजारी-शेजारी जाहीर करावी. प्रॅक्टिकलला २९ आणि लेखीला ७० पैकी २५ असेल तर लोकांना दिसू दे. दोन, द्रावणाची खरी तीव्रता फक्त बाह्य परीक्षकाला माहीत असावी आणि मार्क उत्तर किती जवळ आलं यावर द्यावेत. तीन, प्रयोगशाळा सहाय्यकांची रिकामी पदं भरावीत. सामान मांडायला माणूस नसेल तर प्रयोग होणार कसा?

पालकांनी एवढंच करावं. आज घरी मुलाला विचारा, "या वर्षी स्वतःच्या हातानं किती टायट्रेशन केलीस?" उत्तर आणि इयत्ता खाली कमेंटमध्ये लिहा, कॉलेजचं नाव नको. पुरेशी उत्तरं जमली की मी ती एकत्र करून शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदनासोबत देणार आहे.