त्वचीय रसायनसंवेदन, माशांतील

पाण्यात विरघळलेली रसायने त्वचेतील ग्राही कोशिकांनी ओळखण्याची माशांची क्षमता. ग्राही दोन प्रकारचे : रुचिकलिका आणि अपित्वचेत विखुरलेल्या एकट्या रसायनग्राही कोशिका (पहा : रुचिकलिका). भ्रूणावस्थेत रुचिकलिका स्थानिक ऊतकातूनच घडतात, मग तंत्रिका त्यांच्यापर्यंत पोहोचते. बहारीनभोवतीच्या उथळ, अतिखारट आखातात आढळणाऱ्या शिंगाळ्याच्या व पट्टेरी समुद्री मार्जारमीनाच्या मिशांवर त्या दाट असतात (पहा : मार्जारमीन).

ही संवेदना म्हणजे दुरून येणारा वासच, असा आक्षेप घेतला जातो; तो टिकत नाही. घ्राणसंवेदना पहिल्या मस्तिष्क तंत्रिकेतून जाते, तर त्वचेवरील रुचिकलिकांची सातव्या तंत्रिकेतून. १९०० च्या सुमारास हेरिक यांनी हे दाखवले. १९६७ मध्ये बार्डाख व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील मार्जारमीनांचे घ्राणेंद्रिय निकामी केले, तरी त्यांनी रसायनाचा उगम गाठला. एका बाजूची रुचिसंवेदना काढताच ते शाबूत बाजूकडे वळत राहिले. मात्र जखमी त्वचेतून सुटणारे भयद्रव्य इतर मासे नाकानेच ओळखतात. त्वचा तेथे केवळ स्रोत (पहा : घ्राणेंद्रिय).

पट्टेरी मार्जारमीनाच्या जपानी भाईबंदाच्या मिशा गाळातील कृमींच्या श्वसनाने पाण्याच्या पीएचमध्ये झालेली ०.१ पेक्षाही कमी घट टिपतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पीएच ८ च्या खाली ही संवेदनशीलता झपाट्याने घटते. त्यामुळे सागरी आम्लीकरणाचा प्रश्न केवळ प्रवाळ-शिंपल्यांपुरता मानणे अपुरे ठरते (पहा : सागरी आम्लीकरण).