हेन्री आणि बुऱ्हाण

राजाने धर्म बदलला तर प्रजेचे काय होते, हे शिकवायला आपण थेट इंग्लंड गाठतो. १५३४ साली आठवा हेन्री पोपला झुगारून स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. ते मान्य करण्याची शपथ नाकारणाऱ्या थॉमस मोरचे डोके पुढच्याच वर्षी उडवले गेले. आमच्या शिरूरहून घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. तिथे त्याच दशकात असाच प्रसंग घडला, तो मात्र पोरांना ठाऊक नसतो.

१५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशाहने इराणी विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. खुतब्यात बारा इमामांची नावे आली. फरिश्ता कारण देतो ते आजारी शहजादा दुआने बरा झाल्याचे. असेल. मला मात्र त्यामागे इराणच्या सफवी दरबाराशी जवळीक साधण्याचा हिशोबही दिसतो.

मुल्ला पीर मुहम्मदने बंड केले. फरिश्ता लिहितो, तो पकडला गेला, पण ज्याच्याविरुद्ध तो उठला होता त्या शाह ताहिरच्याच रदबदलीने त्याचा जीव वाचला, नुसती कैद झाली. नगरला मोर झाला नाही.

झळ बसली ती सुन्नी उलेमांना. त्यांच्या नेमणुका बंद होऊन शियांकडे गेल्या. गावकऱ्यांवर मात्र सक्ती झाल्याचे दिसत नाही. इंग्लंडात १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता.