गृध्रसी ते ‘गॅप’ : एका कळेचा इतिहास



आमच्या वयाची चार माणसं कमला नेहरू पार्कात जमली की हवापाण्यानंतरचा विषय ठरलेला असतो. "मणक्यात गॅप आलीये हो!" गंमत अशी की ज्याला आपण ‘गॅप’ म्हणतो, त्या दुखण्यात जागा वाढत नाही, उलट कमी होते. दोन मणक्यांमधली गादी झिजते किंवा सरकते आणि शेजारून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो. मग कळ कमरेतून निघते ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पावलापर्यंत. दुखण्याचं मूळ कमरेत आणि ओरडतो पाय!

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, वैद्यक नव्हे. पण या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात गुंतून गेलो. आपल्या घराण्यात हे दुखणं पिढीजात असल्यासारखंच आहे, म्हणून सगळ्यांसाठी लिहून काढतो आहे.

आपल्याकडे याचं जुनं नाव गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. एक पाय ओढत, अंग वाकडं करून चालणाऱ्या रोग्याची चाल गिधाडासारखी दिसते, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये हिचं वर्णन आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरणारी वेदना. आजचा डॉक्टर बोटाने जी रेघ दाखवतो, जवळपास तीच ही. सुश्रुताने आणखी एक गोष्ट टिपली : या रोगात पाय उचलणं अडतं. हे निरीक्षण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

उपाय म्हणजे बस्ती, शिरावेध (रक्त काढणं) आणि अग्निकर्म, म्हणजे डाग देणं. खेड्यापाड्यांत डाग देण्याची रीत फार काळ टिकली. शिवाय निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रुईची पानं, गरम वाळूची पुरचुंडी. आणि पायाळू माणूस! पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी ऐकली असेल. या सगळ्या उपायांना यश का येत असे, त्याचं उत्तर पुढे येईलच.

युरोपातही गोष्ट वेगळी नव्हती. ‘सायटिका’ हा शब्द नितंबाच्या हाडाच्या ग्रीक नावावरून आला. कारण दोष सांध्याचा, असाच समज होता. 1764 साली नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो या वैद्याने सांध्याचं दुखणं वेगळं आणि मज्जातंतूचं वेगळं, हे मांडलं. जागा बरीचशी बरोबर, पण कारण चुकलं. त्याला वाटलं, तंतूच्या वेष्टनातल्या द्रवाचा हा दोष. पुढे 1880 मध्ये सर्बियाच्या लाझारेविचने, आणि 1881 मध्ये पॅरिसच्या लासेगच्या एका शिष्याने एक साधी तपासणी लिहून ठेवली : रोग्याला उताणं झोपवा आणि पाय सरळ ठेवून वर उचला. कळ आली तर तंतू ताणला जातो आहे. आजही दवाखान्यात पहिली हीच तपासणी होते. सुश्रुताने पाहिलं होतं ते हेच! फरक एवढाच की त्याने ते लक्षण म्हणून नोंदलं, यांनी त्याची परीक्षा केली.

खरं कारण सापडायला 1934 साल उजाडलं. बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी दाखवून दिलं की मणक्यांमधली गादी फाटून तिचा आतला मऊ गर बाहेर येतो आणि मुळाला दाबतो. त्याआधीही सर्जनांच्या हाती हे तुकडे लागले होते. 1908 मध्ये बर्लिनमध्ये असा एक तुकडा काढलाही होता, पण त्यांना ती कूर्चेची गाठ वाटली. वस्तू समोर असून ओळखू न येणं हे इतिहासात वारंवार घडतं, इथेही घडलं.

कारण सापडलं म्हणजे उपायही सापडला असं मात्र झालं नाही. कित्येक वर्षं ऑपरेशनं भराभर झाली, आणि ज्यांची झाली नाहीत त्यांना अंथरुणात बांधून ठेवलं. माझे थोरले बंधू छापखान्यात कंपोझिटर होते. 1968 साली त्यांना हे दुखणं झालं, तेव्हा दीड महिना लाकडी फळीवर उताणं पडून राहायला सांगितलं होतं. सल्ला त्या काळच्या रीतीप्रमाणेच होता. कळ गेली, पण तोवर छापखान्याने दुसरा माणूस ठेवला होता. वहिनींनी त्या वर्षी शिवणाचं मशीन घेतलं आणि घर चालवलं.

1999 मध्ये हॉलंडमधल्या 183 रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे 87 टक्के लोक सुधारले होते. म्हणजे फळीचा काहीच फायदा नव्हता! तो आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. बंधू आता नाहीत.

2007 मध्ये तिथेच 283 रोग्यांचा आणखी एक अभ्यास झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही आणि थांबणंही वाईट नाही. बाहेर आलेला गर शरीरातल्या पेशी पुष्कळदा हळूहळू खाऊन टाकतात, सूज उतरते. पायाळूच्या पायाचं यश कशात होतं, ते आता कळलं ना?

तोच प्रकार एमआरआयचा. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की ज्यांना काहीही दुखत नाही अशा विशीतल्या लोकांपैकी 37 टक्के, आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या असतात. केस पिकावेत तसंच हे. तेव्हा नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नये.

आपल्या पुण्याचंही या गोष्टीत एक पान आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये, अठराव्या वर्षी, इथे योग शिकवायला आले. दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी बाक असा साध्या वस्तूंचा आधार देऊन ज्याला वाकता येत नाही त्यालाही आसन करता यावं, ही त्यांची पद्धत. 1975 मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. 1979 मध्ये पुणेकराच्या नशिबी असते ती स्कूटर त्यांनाही नडली. अपघातांत पाठीला आणि गुडघ्यांना इजा झाली, आणि पुन्हा उभं राहायला त्यांना स्वतःचीच पद्धत कामी आली. इंग्लंडात 313 जणांवर झालेल्या चाचणीत (2011) जुनाट कंबरदुखीवाल्यांची योगामुळे हालचाल सुधारलेली दिसली. वेदना मात्र फारशी कमी झाली नाही. तेही सांगायलाच हवं.

आता घरच्यांसाठी, विशेषतः रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या आमच्या पुतणीसाठी. पहिले सहा ते बारा आठवडे बहुतेकांना धीर, औषध आणि हिंडणंफिरणं पुरतं. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. तिथे धीर धरणं हा गुण नव्हे.

बाकी कुणाला किती थांबायचं हे तुमचा डॉक्टर सांगेल. फळीवर मात्र कुणी झोपू नका.

असो. लेख लांबला. कंबर सांभाळा मंडळी!