महापालिकेची निवडणूक, विधानसभेची मतदारयादी

छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर पावणेसहा वर्षे शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला. कोरोनाची साथ, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल यांत निवडणूक अडकून पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर राज्यभरातील रखडलेल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. एवढ्या प्रतीक्षेनंतर मतदान केंद्रावर पोहोचलेल्या मतदाराला यादीत नावच सापडत नाही, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो: ओळखपत्र हातात असताना मत का नाही?

या प्रश्नाचे उत्तर यादी कोण तयार करतो, यात आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाचे आहे. ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात हा आयोग अस्तित्वात आला. मात्र तो स्वतंत्र मतदारयादी तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाने तयार केलेली विधानसभेची यादी तो एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांनुसार तिचे विभाजन करतो. त्या यादीत नवे नाव घालण्याचा किंवा असलेले नाव वगळण्याचा अधिकार राज्य आयोगाला नाही. प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात, त्या केवळ विभाजनातील चुकांपुरत्या. मतदार चुकीच्या प्रभागात गेला असेल किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून त्याचे नाव सुटले असेल, तर दुरुस्ती होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विरोधी पक्षांचे नेते मतदारयाद्यांच्या तक्रारी घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयुक्त अशी दोन दारे ठोठवावी लागली. सामान्य मतदाराने यात गोंधळून जावे, यात नवल ते काय?

२०२५-२६ च्या निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. म्हणजे त्या दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या व नोंदणी झालेल्या नागरिकालाच मत देता आले. जुलैच्या दुसऱ्या दिवशी अठरावे वर्ष पूर्ण करणारा तरुण जानेवारीत साडेअठरा वर्षांचा असूनही बाहेर राहिला. ऑगस्टमध्ये नोंदणी करून ओळखपत्र मिळवलेल्याचीही तीच गत झाली. निवडणुकीची घोषणा १५ डिसेंबर २०२५ रोजी झाली. त्यानंतर जागे होणाऱ्यांना वाव नव्हता. नोंदणीसाठी नमुना क्रमांक ६ आणि पत्ता बदलल्यास नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. हे काम निवडणुका दूर असतानाच उरकणे शहाणपणाचे. बीड, जालना, परभणीहून शिक्षणासाठी येथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना शहराच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. मात्र मग गावाकडचे नाव कमी होते, कारण एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असू शकते.

नाव शोधतानाही एक खबरदारी हवी. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी २०२४ च्या निवडणुकीत विधानसभा मतदारसंघांची नावे औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम आणि औरंगाबाद पूर्व अशीच राहिली. शिवाय विधानसभेला मत देणारा प्रत्येक जण महापालिकेचा मतदार असतोच असे नाही. छावणी परिषदेच्या हद्दीतील रहिवासी महापालिकेच्या यादीत येत नाहीत. वाळूज परिसरातील ग्रामपंचायतींच्या मतदारांना जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी मतदान करायचे असते. ते ७ फेब्रुवारी २०२६ रोजी झाले.

प्रत्यक्ष मतदानाची पद्धतही या वेळी बदलली होती. २०१५ मध्ये शहरात ११३ वॉर्ड होते आणि प्रत्येक मतदाराला एकच मत होते. २०२६ मध्ये ११५ जागांसाठी २९ प्रभाग करण्यात आले. त्यांपैकी २८ चार सदस्यांचे, तर एक तीन सदस्यांचा. त्यामुळे बहुतेकांना अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटन दाबावे लागले. एखाद्या जागेवर कोणीच उमेदवार पसंत नसेल, तर तेथे ‘नोटा’चे बटन असते. यादीत दोन ठिकाणी नाव आढळलेल्या संभाव्य दुबार मतदारांपुढे दोन तारांकित खुणा करण्यात आल्या होत्या. अशांकडून दुसरीकडे मतदान न केल्याचे हमीपत्र घेण्याची व्यवस्था होती. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यास मतदाराने निमूटपणे परतू नये. ओळख पटल्यावर त्याला प्रदत्त मतपत्रिका मागता येते.

गैरहजर मतदाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. लोकसभा व विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची मुभा होती. ती पाहून अनेकांनी महापालिकेसाठीही तशीच अपेक्षा धरली, परंतु ही सोय स्थानिक निवडणुकांना लागू नव्हती. येथे ज्येष्ठांना रांगेत प्राधान्य, चाकाची खुर्ची आणि उतरता मार्ग एवढेच मिळते. टपाली मतपत्रिका निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांसाठी असते, आणि तीही तो कर्मचारी त्याच महापालिकेचा मतदार असेल तरच. पैठणच्या यादीत नाव असलेला शिक्षक शहरात केंद्राध्यक्ष म्हणून दिवसभर राबला, तरी शहराच्या निवडणुकीत त्याला मत नसते.

सर्वांत मोठी गैरहजेरी आहे ती ऊसतोड मजुरांची. २०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाला. नगरपालिकांचे मतदान डिसेंबरमध्ये आणि जिल्हा परिषदेचे फेब्रुवारीत, म्हणजे कोयता चालू असतानाच झाले. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे त्या काळात पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील फडांवर असतात. मतासाठी गावी यायचे तर मजुरी बुडवून, पदरमोड करून यावे लागते. किंवा उमेदवाराने पाठवलेल्या गाडीतून यावे लागते, आणि मतदारांना अशी वाहने पुरवणे कायद्याने गुन्हा आहे. स्थलांतरितांना आहे त्या ठिकाणाहून मत देता यावे, यासाठी भारत निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडून जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले होते. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते यंत्र वापरले गेले नाही.