लोणारचा खार, तुंबलेली मोरी आणि हलालखोर

बकरी ईद झाली की गोश्त धुतलेलं पाणी आणि भांड्यांची चरबी मोरीच्या पाइपात जाऊन गोठते. मग अमरावती असो की अकोला, घराघरांत उपाय सुरू होतात. कुणी खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकायला सांगतं, कुणी मीठ आणि गरम पाणी, तर कुणी थेट तेजाबाची बाटली आणतं. मला या घरगुती उपायांमागे आपल्याच वऱ्हाडाचा एक जुना इतिहास दिसतो.

१५९६ मध्ये चांदबीबीबरोबर झालेल्या तहात वऱ्हाड मोगलांकडे गेलं. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त या नव्या सुभ्याची माहिती आहे. त्यात मुख्य शहर म्हणून एलिचपूर येतं, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. मेहकर भागातल्या लोणारचीही नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, असं अबुल फजल सांगतो.

हा माल म्हणजे लोणारच्या सरोवराचा खार. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरे थर धरतात. लोक त्यांच्या प्रतीप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं देत. त्यातला मुख्य पदार्थ सोडियम कार्बोनेट, म्हणजेच आपला धुण्याचा सोडा. अरबस्तानात हाच गुण असलेली राख खाऱ्या जमिनीतल्या झुडपांपासून काढत. तिला 'अल-किली' म्हणत. शाळेच्या पुस्तकातला 'अल्कली' हा शब्द तिथूनच आला. पुढे १७९१ मध्ये फ्रान्सच्या लेब्लांकनं आणि १८६१ मध्ये बेल्जियमच्या सॉल्वेनं मिठापासून सोडा करण्याच्या पद्धती शोधल्या. १९३९ मध्ये गुजरातेत मिठापूरला टाटा केमिकल्स सुरू झाली. आज किराणा दुकानात मिळतो तो कारखान्यातला सोडा. लोणारचं सरोवर आता अभयारण्य आहे.

आता मोरीकडे वळू. खार आणि चरबी यांचा साबण होतो. तुंबलेल्या पाइपात धुण्याचा सोडा आणि चांगलं गरम पाणी टाकलं की थोड्या प्रमाणात तेच घडतं. चरबी मऊ पडते, सुटते आणि वाहून जाते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या गावांत, याचा दुहेरी उपयोग आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट मळ होऊन पाइपाला आतून बसतो. धुण्याचा सोडा पाण्याचा हा जडपणाही कमी करतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फसफस जोरात होते. पण आम्ल आणि खार एकमेकांना मारून टाकतात आणि चरबीसाठी फारसं काही उरत नाही. तेजाबाची तर गोष्टच सोडा. ते ब्लीचिंग पावडरीत मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. प्लास्टिकच्या पाइपात उकळतं पाणीही ओतू नये.

उपाय चालला नाही की आपण 'माणूस बोलावतो'. हा माणूस कोण, याचा इतिहासही 'आईन-ए-अकबरी'त सापडतो. सफाई करणाऱ्यांना 'हलालखोर', म्हणजे हलालची कमाई खाणारा, हे नाव अकबरानं रूढ केलं, असं अबुल फजल लिहितो. नाव इज्जतीचं दिलं, काम मात्र त्याच लोकांच्या माथी राहिलं. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता, इतका तो शब्द पुढे सरकारी झाला. उत्तरेत हलालखोर ही मुसलमानांतली एक बिरादरीच बनली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदूंना जागा दिली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. सफाईचं तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा मुसलमान आजही त्या यादीबाहेर आहे. मशिदीत आपण एका सफेत उभे राहतो, पण रिश्ता जोडताना बिरादरी विचारतो. याचा दोष केवळ सरकारवर टाकता येणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगावचे रस्ते आणि नाल्या स्वतः खराट्यानं साफ केल्या. सफाई हे दुसऱ्या कुणाचं काम आहे, ही समजूतच त्यांनी नाकारली. वुजू आणि तहारतीशिवाय ज्यांची नमाज होत नाही, त्या आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

म्हणून येत्या ईदला एवढं करा. भांड्यांची चरबी आधी कागदानं पुसून कचऱ्यात टाका. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. रात्री मूठभर धुण्याचा सोडा टाकून वरून गरम पाणी सोडा. आणि तरीही माणूस बोलवावाच लागला, तर त्याच्या हातात मोजे आहेत का ते बघा, मजुरी पूर्ण द्या आणि चहा घरातल्याच कपात द्या.